दोन उन्हाळे

इंदूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात विनीताबाई फणसे सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट होत्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांनी एक जुनी लेड-ॲसिड बॅटरी एकोणीस वर्षं जिवंत ठेवली होती. दर शनिवारी तिच्यात पाणी भरायचं, व्होल्टेज मोजायचं, तारीख घालून वहीत लिहायचं. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कधी मरते ते बघायचंय." पोरं त्या बॅटरीला 'फणसे मॅडमचा नातू' म्हणत. बाईंना ते ऐकू जायचं, पण राग येत नसे.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरला भाऊ अभिराम वीज मंडळात होता. एका दुपारी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्याच तो गेला. त्याचा मुलगा देवांश तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्यानंतर रामबागेतल्या घरात तिघंच उरली, वहिनी प्रेमलता, देवांश आणि त्याची ही आत्या. देवांशला गणित आत्यानं शिकवलं, सोल्डरिंगही तिनंच. बारावीत असताना त्यानं घरचा इन्व्हर्टर उघडून परत जोडला, तेव्हा शेवटचा स्क्रू कसायच्या आधी तो तिच्याकडे बघत थांबला होता. त्या बघण्यावर बाईंचा फार जीव होता.

बंगळूरची नोकरी सोडून देवांश परत आला आणि महू रोडवर, राऊच्या पुढे, एक शेड घेऊन त्यानं कंपनी काढली. ई-रिक्षांसाठी लिथियम बॅटऱ्या. नाव ठेवलं 'अभिराम ऊर्जा'. नारिंगी पेट्या, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बापाचं नाव.

"आत्या, टेस्टिंग तू बघ," तो म्हणाला. "मला दुसऱ्या कुणावर भरोसाच नाही."

बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि शेडच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली अट सांगितली. "दोन उन्हाळे. त्याच्या आधी एकही पेटी रस्त्यावर जाणार नाही."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ई-रिक्षात बॅटरी प्रवाशांच्या सीटखाली असते. वर पत्र्याचं छप्पर, खाली तापलेला डांबरी रस्ता. दिवसभर धावून झालं की ड्रायव्हर ती घरी नेतो आणि ज्या खोलीत बायकापोरं झोपतात त्याच खोलीत चार्जिंगला लावतो. एका उन्हाळ्यात नवी बॅटरी कशी वागते ते कळतं. जुनी झालेली बॅटरी कशी वागते, ते कळायला दुसरा उन्हाळा लागतो.

देवांशला तेव्हा ते पटलं होतं. त्यानं स्वतः फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'दोन उन्हाळे' लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पहिला उन्हाळा चांगला गेला. आठ पेट्या विजेवर तापणाऱ्या गरम कपाटात ठेवल्या होत्या. त्या भरायच्या, रिकाम्या करायच्या, पुन्हा भरायच्या. दर दहा फेऱ्यांनंतर बाई प्रत्येक सेलची जाडी व्हर्नियरनं मोजायच्या. दिवाळीपर्यंत साडेतीनशे फेऱ्या झाल्या. सेल होते तसेच होते.

डिसेंबरात अर्पित आला. कंपनीत पैसा घालणाऱ्या बंगळूरच्या फर्मचा हा माणूस. उद्धट वगैरे अजिबात नव्हता. बाईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला, व्हर्नियर हातात घेऊन वाचायला शिकला, आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं काम मला खरंच आवडलं. पण दोन वर्षांत दिल्लीची एखादी कंपनी इथे येऊन काहीही न तपासता पेट्या विकून जाईल. मग तुमची चांगली पेटी घेणार कोण?"

त्यात खोटं काहीच नव्हतं.

तारीख ठरली गुढीपाडव्याची. त्या दिवशी साठ रिक्षा रस्त्यावर, पावसाळ्याआधी आणखी दोनशे. जुना पुरवठादार इतके सेल देऊ शकत नव्हता, म्हणून दुसऱ्याकडून माल आला. खोकी उघडली तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. एक सेल त्यांनी तळहातावर घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"सेल बदलले की टेस्ट शून्यापासून," त्या म्हणाल्या.

"आत्या, केमिस्ट्री सेम आहे. डेटाशीट बघ ना."

"डेटाशीट आपण उन्हात ठेवत नाही, देवा."

तो हसला. पण फळा त्याच आठवड्यात पुसला गेला. कुणी पुसला ते कुणी विचारलं नाही. त्याच्यावर आता पाडव्यापर्यंतचे दिवस लिहिले जाऊ लागले, रोज एक आकडा कमी.

बाईंनी नवे सेल घालून आठ पेट्या पुन्हा कपाटात लावल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐंशीव्या फेरीनंतर, तीन पेट्यांतले सेल अर्ध्या मिलिमीटरनं फुगलेले निघाले. त्यांनी तीनदा मोजलं. मग व्हर्नियर बदलून मोजलं. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही कळत नाही.

"थोडी सूज तर सगळ्यांच्याच सेलला येते," देवांश म्हणाला.

येते, हे बाईंनाही ठाऊक होतं, आणि तिथेच त्या अडखळल्या. सूज थांबणारी आहे की वाढणारी, हे फक्त पुढच्या फेऱ्या सांगणार होत्या. अर्पितच्या फर्मला जाणाऱ्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, 'सूज आढळली. चाचणी पूर्ण होईपर्यंत वापर करू नये.' दुसऱ्या दिवशी देवांश तो कागद घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"आत्या, ही लाइन आहे ना, हटवायची नाही. फक्त शेवटी टाकू. ॲपेंडिक्समध्ये. आणि जरा शब्द बदलू."

'किरकोळ बदल नोंदवले' असे ते शब्द झाले. पान एक्केचाळीस. बाईंनी सही केली.

सही करताना त्यांच्या मनात होतं, की कपाट तर चालूच आहे. महिनाभरात खरं काय ते कळेल आणि मग आपण त्याला थांबवू. आयुष्यभर त्यांचं असंच चाललं होतं. थांबलं, रोज मोजलं, की उत्तर आपोआप समोर यायचं. या वेळी त्या थांबणार होत्या तेव्हा साठ घरांमध्ये पेट्या चार्जिंगला लागणार होत्या, हा हिशेब त्यांनी मनात येऊ दिला नाही.

पाडव्याला शेडसमोर रिक्षा ओळीनं लागल्या. प्रेमलतावहिनींनी पहिल्या रिक्षाला ओवाळलं आणि पेटीवरच्या नवऱ्याच्या नावावरून हात फिरवला. ती रिक्षा रामभाऊंची होती. मिल बंद पडल्यापासून त्यांनी नाना कामं केली होती, आता बडा गणपतीच्या स्टँडवर ई-रिक्षा चालवायचे. सकाळी बाजाराची माणसं, दुपारी शाळेतल्या सहा मुली.

"हलकी आहे हो बाईजी," ते खूश होऊन म्हणाले. "जुनी उचलताना कंबर जायची. ही तर एकटा घरात नेतो मी."

बाईंनी मान डोलावली. त्या दिवशीच्या फोटोत त्या कडेला उभ्या आहेत. सगळे हसताहेत, त्या सीटखाली बघताहेत.

एप्रिल तापला. पारा एक्केचाळीसवर गेला, मग बेचाळीसवर. मागच्या खोलीत बाई आता दहाऐवजी दर तीन फेऱ्यांनी मोजत होत्या. सूज थांबली नव्हती. एक मिलिमीटर. दीड. त्यांनी देवांशला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "नोट करून ठेव." दुसऱ्यांदा फोनवर होता, त्यानं हातानंच 'नंतर' अशी खूण केली. बाई परत टेबलाशी गेल्या.

एका गुरुवारी सकाळी त्यांनी कपाट उघडलं तर तिसऱ्या क्रमांकाच्या पेटीचं झाकण वर आलेलं. आतून फुगलेल्या सेलनी चारही स्क्रू उपटले होते. पत्रा मधोमध पोटासारखा उचललेला. त्यांनी मेन स्विच बंद केला आणि काही क्षण तशाच उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, जणू हात लावला तर ते आणखी वाढेल.

देवांश विमानतळावर अर्पितला आणायला गेला होता. त्याचा फोन लागेना. तेवढ्यात बाईंचाच फोन वाजला. रामभाऊ.

"बाईजी, एक विचारायचं होतं. गाडीत कसलातरी गोड गोड वास येतोय. सडलेलं खरबूज असतं ना, तसा. सीट धुतली, खाली झाडलं, जातच नाही. पोरी नाक दाबून बसतात."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले असतील."

"पोरी आत्ता गाडीत आहेत?"

"नाही, साडेबाराला घ्यायच्या आहेत."

"रामभाऊ, नीट ऐका. गाडी सावलीला म्हणून कुणाच्या छपराखाली नेऊ नका. भिंतीला, दुकानाला टेकवून उभी करू नका. मोकळ्या जागी लावा, चावी काढा आणि लांब उभे राहा. मी येतेय."

बडा गणपतीला पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. रामभाऊंनी रिक्षा रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर लावली होती आणि स्वतः भर उन्हात उभे होते. भोवती चार-पाच ड्रायव्हर जमलेले. बाईंनी सीट उचलली. नारिंगी पेटी एका बाजूनं फुगली होती. 'अभिराम' मधला 'रा' ताणला जाऊन रंगाला तडे गेले होते. वास नेलपेंट काढायच्या पाण्यासारखा, गोडसर, घशाला चिकटणारा.

"भिया, ये तो फूल गई," मागून कुणीतरी म्हणालं.

"मागे सरका," बाई म्हणाल्या. कुणी सरकेना, तेव्हा त्या ओरडल्या. सव्वीस वर्षांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांनी तारा काढल्या. दोघांनी मिळून पेटी उतरवली आणि वाळूनं भरलेल्या एका हातगाडीवर ठेवली. जवळच एकाचं बांधकाम चालू होतं, त्याच्याकडून ती मिळाली. पेटीचा पत्रा हाताला गरम लागत होता. गाडी पाऊण तास बंद होती.

देवांशचा फोन आता लागला.

"सगळ्या पेट्या परत बोलवायच्या," बाईंनी सांगितलं. "आत्ता."

"आत्या, अर्पित इथे आहे. मंगळवारी पुढच्या दोनशेचं फायनल होतंय. पाचच दिवस. बुधवारी मी स्वतः सगळ्यांना बोलवतो, प्रॉमिस."

बाई रस्त्याकडे बघत होत्या. दोन वर्षं थांबायला ज्याच्याकडे वेळ नव्हता तो आता त्यांना थांबायला सांगत होता. आणि थांबणं ही त्यांचीच सवय होती. ती त्यांनीच त्याला दिली होती. त्या क्षणी त्यांना भावाचा चेहरा आठवेना. फार प्रयत्न करूनही आठवेना.

"नाही," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साठ ड्रायव्हरांची यादी त्यांच्या पर्समध्ये होती. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बसून त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. काय सांगायचं ते त्यांनी आधी मनात ठरवलं होतं, पण बोलताना सगळं विसरलं. "पेटी घरात असेल तर बाहेर काढा. चार्जिंग करू नका. आम्ही नवी देऊ की नाही, मला माहीत नाही. पण ही परत द्या." कुणी भडकला, कुणी हसण्यावारी नेलं. एक जण म्हणाला, "दीदी, आज लगन की सवारी है, कल देखेंगे." बाईंनी त्याला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोशी बोलल्या. तिनं पेटी स्वतः अंगणात ओढून आणली. साडेबाराला रामभाऊ पायीच शाळेत गेले आणि सहाही मुलींना दुसऱ्याच्या जुन्या रिक्षात बसवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक्कावन्न पेट्या शेडवर आल्या. मागच्या मोकळ्या जागेत वाळू पसरून, एकमेकींपासून आठ-आठ हात लांब अशा त्या मांडल्या होत्या. नारिंगी, रांगेनं, सगळ्यांवर एकच नाव. देवांश आला तेव्हा प्रथम संतापलेला होता. अर्पित त्याच्या मागे होता.

"हे तू मला न विचारता..." देवांशनं सुरुवात केली आणि थांबला.

तिसऱ्या रांगेतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. कुकरची वाफ सुटण्याआधी येतो तसा. मग पेटीच्या कडेनं पांढरा धूर निघाला, जमिनीलगत पसरला. बाईंनी देवांशचा दंड धरून त्याला मागे ओढलं. पुढच्याच क्षणी झाकण उडालं आणि जाळ माणसापेक्षा उंच गेला. तो लाल नव्हता, पांढरट होता आणि सुसाट आवाज करत होता. सात मिनिटं ते चाललं. कुणी पाणी आणलं नाही, बादलीभर पाण्यानं ते विझणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. वाळू टाकणारे दोघं कामगार लांबूनच फावडं मारत राहिले.

ती पेटी रामभाऊंची नव्हती. तिला सूजही नव्हती. सकाळी बाईंनी स्वतः मोजून तिच्यावर 'ठीक' अशी चिठ्ठी लावली होती.

जाळ बसल्यावर अर्पित म्हणाला, "पान एक्केचाळीस मी वाचलं होतं." आठवड्याभरात त्याच्या फर्मची सभ्य भाषेतली मेल आली आणि ती माणसं निघून गेली.

कंपनी बंद पडली नाही, पण तिच्यात उरलं थोडंच. बारा जणांपैकी तिघं. देवांश पहिले पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही. मग एका सकाळी बाई शेडवर गेल्या तर तो मागच्या खोलीत गरम कपाटासमोर बसलेला, हातात व्हर्नियर. जुन्या पुरवठादाराचे आठ संच त्यानं लावले होते. फेरी पहिली.

दुपारी डबा खाताना त्यानं विचारलं, "आत्या, तू मला तेव्हा ओरडली का नाहीस?"

घास बाईंच्या हातातच राहिला. "मला वाटलं, वेळ आहे."

तो पोळीचे तुकडे करत राहिला, खाल्ले मात्र नाहीत.

परत आलेल्या पेट्यांची संख्या एकोणसाठवर येऊन अडली. साठावी ज्याच्याकडे होती तो नंदकिशोर पाडव्यानंतर दहाव्या दिवशी रिक्षा विकून सुरतला कामाला गेला होता. घेणारा उज्जैनचा. त्यानं रिक्षात आपली जुनी बॅटरी बसवली आणि नारिंगी पेटी भंगारवाल्याला दिली. भंगारवाला म्हणाला, एक माणूस दुकानात दिवे लावायला हवी म्हणून घेऊन गेला. कोण, कुठला, त्याला आठवत नव्हतं. बाईंनी पोलिसांत लिहून दिलं, पेटीचा फोटो छापून उज्जैन, देवास, नागदा इथल्या बाजारांत लावला. उन्हात ते कागद पिवळे पडून गेले, मग पावसात गळाले. मग त्यांनी पुन्हा लावले.

आता दुसरा उन्हाळा चालू आहे. कपाटातले सेल सहाशे फेऱ्यांनंतरही जसेच्या तसे आहेत. गेल्या महिन्यात एक कंपनी बोलणी करायला आली. त्यांनी देवांशला विचारलं, किती दिवसांत देता? त्यानं बाईंकडे बघितलं नाही. "ऑक्टोबरच्या आधी विचारूच नका," म्हणाला. ती माणसं चहा पिऊन गेली, पुन्हा आली नाहीत. प्रेमलतावहिनींना वाटतं की मुलाचं सगळं हातचं गेलं. तसं त्या बोलूनही दाखवतात. विनीताबाई ऐकून घेतात.

गेल्या रविवारी महूहून फोन आला. छावणीच्या बाजारात एक चाटवाला गाडीवर नारिंगी पेटीनं दिवे लावतो, असं कुणीतरी सांगितलं. आत्या-भाचा तासाभरात तिथे होते. गाडी नव्हती. शेजारचा फळवाला म्हणाला, तो लग्नाला गावी गेलाय, तीन दिवस झाले, गाडी त्याच्या खोलीत आहे. खोली एका तिमजली घरात तळाशी होती. वरच्या दोन मजल्यांवर माणसं राहत होती, जिन्यात कपडे वाळत होते, एक म्हातारी दारात भाजी निवडत होती. बाहेर चव्वेचाळीस अंश. दाराला कुलूप.

"वरच्या सगळ्यांना खाली बोलव," बाई देवांशला म्हणाल्या. "आधी माणसं, मग कुलूप."

माणसं कुरकुरत रस्त्यावर आली. घरमालकाला समजवायला वीस मिनिटं गेली. देवांशनं कुलूप तोडलं आणि आत एकटाच गेला. आत्याला त्यानं हातानं मागेच थोपवलं. तो बाहेर येईपर्यंत बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

तो बाहेर आला. पेटी नारिंगीच होती, पण दुसऱ्याच कुणाची. जुनी, लेड-ॲसिड, वरून रंग मारलेली.

लोक हसत, शिव्या देत घरात परतले. म्हातारीनं भाजीची परात पुन्हा मांडीवर घेतली. देवांशनं घरमालकाला नवं कुलूप आणून दिलं, त्याची माफी मागितली. दोघं गाडीत येऊन बसली. बाईंनी पर्समधून नकाशा काढला. त्यावर बघून झालेल्या गावांवर फुल्या होत्या. त्यांनी महूवर फुली मारली.

"उद्या शाजापूर," देवांश म्हणाला.

"उद्या कशाला?" बाई म्हणाल्या. "अजून ऊन आहे. आत्ता चल."